काखेतल्या गाठी: सेंटिनेल बायोप्सी वेगळी, क्लिअरन्स वेगळं

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या एका बाईच्या पॅथॉलॉजी रिपोर्टवर लसिकाग्रंथींसमोर (लिम्फ नोड, म्हणजेच काखेतल्या ‘गाठी’) ०/३ लिहिलेलं असतं, दुसरीच्या २/१४. पहिला आकडा कॅन्सर सापडलेल्या ग्रंथींचा, दुसरा एकूण तपासलेल्या ग्रंथींचा. घरी मात्र दोघींबद्दल एकच सांगितलं जातं, ‘काखेतल्या गाठी काढल्या.’ त्यातून मग पुढचा प्रश्न येतो: हिच्या चौदा काढल्या, माझ्या तीनच कशा? डॉक्टरांनी काही मागे ठेवलं का?

नाही ठेवलं. पहिलीची सेंटिनेल बायोप्सी झाली, आणि ती मुळात तपासणी आहे. स्तनातला लसिकाद्रव काखेत ज्या मोजक्या ग्रंथींत आधी पोचतो, त्या शोधायच्या. त्यासाठी स्तनाग्राजवळ निळा रंग किंवा किंचित किरणोत्सारी द्रव टोचतात. थोड्या वेळाने काखेत छोटा छेद घेतला की निळी झालेली ग्रंथी डोळ्यांना दिसते, किरणोत्सारी असेल तर गॅमा प्रोब हे किरण ओळखणारं उपकरण आवाज करून जागा दाखवतं. (दुसऱ्या दिवशी लघवी हिरवट-निळी झाली तर घाबरू नका, तो रंगच असतो.)

क्लिअरन्स म्हणजे त्या भागातली चरबी ग्रंथींसकट काढणं, साधारण दहा किंवा जास्त. हा उपचार, आणि त्याची किंमतही मोठी. साचणारं पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी काही दिवस बाळगावी लागते, दंडाची आतली बाजू बधिर होते, खांदा आखडतो. हात कायमचा सुजण्याचं प्रमाण क्लिअरन्सनंतर सुमारे पाचात एक, सेंटिनेलनंतर विसात एकाच्या आसपास.

मग जास्त काढलं तर जास्त सुरक्षित, हे तरी खरं का? अमेरिकेत १९७१ साली सुरू झालेल्या बी-०४ या रुग्णांवरच्या चाचणीत, काखेत हाताला गाठ न लागणाऱ्या काही स्त्रियांचं क्लिअरन्स केलं, काहींचं नाही. २५ वर्षांनंतरही जगण्यात ठळक फरक दिसला नाही. पुढे झेड-११ चाचणीने तर सेंटिनेलमध्ये एक-दोन ग्रंथींत कॅन्सर सापडलेल्या स्त्रियाच घेतल्या. त्या सगळ्यांचा स्तन राखलेला होता आणि पूर्ण स्तनाला रेडिएशन ठरलेलं होतं. दहा वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण क्लिअरन्सशिवाय ८६.३ टक्के, क्लिअरन्ससह ८३.६. म्हणजे क्लिअरन्स न केल्याने काही बिघडलं नाही. माझ्या मते ‘सगळंच काढून टाका हो डॉक्टर’ असा आग्रह धरण्याआधी हे आकडे घरच्यांनी वाचायला हवेत.

क्लिअरन्स मोडीत निघालेलं नाही. तीन किंवा अधिक सेंटिनेल ग्रंथी बाधित निघाल्या, केमोनंतरही काखेत कॅन्सर उरला, किंवा दाहक प्रकारचा (स्तन लाल होऊन सुजतो तसा) कॅन्सर असेल, तर ते लागतं. म्हणून संमतीपत्रावर अनेकदा ‘सेंटिनेल, गरज पडल्यास क्लिअरन्स’ असं दोन्ही असतं. ऑपरेशन चालू असतानाच फ्रोझन सेक्शनचा (ग्रंथी गोठवून केलेल्या झटपट तपासणीचा) रिपोर्ट येतो आणि तिथेच ठरतं. शुद्धीवर आल्यावर नेमकं काय झालं ते विचारून घ्या, डिस्चार्ज कार्डावरही ते लिहिलेलं असावं.

निळा रंग नि प्रोब सगळीकडे मिळत नाहीत. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या सर्जननी त्यावर लो ॲक्झिलरी सॅम्पलिंग तपासून पाहिलं: काखेतून दंडाकडे जाणाऱ्या संवेदनेच्या नसेच्या खालची चरबी नि ग्रंथी तेवढ्या काढायच्या. काखेची स्थिती ओळखण्यात ते सेंटिनेलच्या तोडीचं ठरलं.

आता तर सेंटिनेललाही काही जणींना सुट्टी मिळू लागली आहे. २०२३ साली आलेल्या साउंड चाचणीत स्तनातली गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत आणि सोनोग्राफीत काख स्वच्छ असलेल्या स्त्रियांपैकी काहींच्या काखेला हातच लावला नाही, तरी पाच वर्षांचे निकाल तेवढेच चांगले आले. यातल्या बहुतेक जणी पन्नाशीच्या पुढच्या, हार्मोन-पॉझिटिव्ह (हार्मोनमुळे वाढणाऱ्या) कॅन्सरच्या होत्या. तरुण रुग्णांत केमो द्यायची की नाही हे ठरवायला ग्रंथींचा रिपोर्ट अजून बऱ्याचदा लागतोच.