मानवी मायक्रोबायोम : वैद्यकीय संशोधन

माणसाच्या त्वचेवर, तोंडात, योनिमार्गात आणि मुख्यतः मोठ्या आतड्यात मुक्काम ठोकून असलेले जीवाणू, विषाणू, बुरशी व आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या कुळातले एकपेशीय जीव), त्यांच्या सगळ्या जनुकांसकट, म्हणजे मायक्रोबायोम. मराठीत त्याला सूक्ष्मजीवसंघ असेही म्हणतात. या संघात झालेले बदल आणि आजार यांचा काय संबंध आहे, आणि ते बदल मुद्दाम घडवून आणले तर रुग्णाला गुण येतो का, असे दोन प्रश्न वैद्यकापुढे आहेत. पहिल्यावर शोधनिबंधांचा ढीग पडला आहे. दुसऱ्याचे पक्के उत्तर मोजक्याच आजारांत हाती आले आहे.

शरीरात पेशींच्या दहापट जीवाणू असतात, हे वाक्य अजूनही सर्रास छापले जाते. १९७०च्या दशकातल्या एका ढोबळ अंदाजावरून ते रूढ झाले. २०१६ मध्ये रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो यांनी हिशोब नव्याने मांडला तेव्हा ७० किलो वजनाच्या पुरुषात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू आणि ३० लाख कोटी मानवी पेशी निघाल्या, जवळजवळ बरोबरीच. या सगळ्या जीवाणूंचे वजन भरते साधारण २०० ग्रॅम.

दातांवरच्या किटणात वळवळणारे जीव अंतोनी व्हान लेव्हेनहूक याने १६८३ मध्येच पाहून कळवले होते. आतड्यातले बहुतेक जीवाणू मात्र प्राणवायू लागला की मरतात, त्यामुळे ते प्रयोगशाळेत वाढवणे फार काळ जमले नाही. जीवाणू न वाढवता नमुन्यातला डीएनए थेट वाचता येऊ लागला आणि कोंडी फुटली. अमेरिकेचा मानवी मायक्रोबायोम प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला. युरोपातल्या मेटाहिट प्रकल्पाने २०१० मध्ये १२४ जणांच्या विष्ठेतून ३३ लाख जीवाणू-जनुकांची यादी काढली. माणसाच्या स्वतःच्या जनुकांच्या ती सुमारे दीडशेपट होती.

एवढी माहिती हाती आल्यावर लठ्ठपणा, मधुमेह, नैराश्य अशा कितीतरी आजारांत ‘जीवाणू वेगळे दिसतात’ असे निष्कर्ष येऊ लागले. इथेच पाय घसरतो. टाइप २ मधुमेहाची जी जीवाणू-खूण सापडल्याचे सांगितले जात होते, तिचा बराच भाग मधुमेहाचा नसून रुग्ण घेत असलेल्या मेटफॉर्मिन या गोळीचा होता, हे २०१५ मध्ये दिसले. शौच घट्ट होते की पातळ, एवढ्यानेही जीवाणूंचे चित्र बदलते. नमुन्यात मुळात जीवाणूच नगण्य असतील तर तपासणीच्या रसायनांच्या बाटलीतले जीवाणू ‘सापडतात’. गर्भाला पोसणाऱ्या वारेत स्वतंत्र मायक्रोबायोम असतो हा दावा मुख्यतः त्यानेच ढासळला. जंतुविरहित उंदरांवरचे प्रयोग कारण शोधायला मदत करतात. लठ्ठ आणि सडपातळ जुळ्या बहिणींची विष्ठा अशा उंदरांत घातली तेव्हा लठ्ठ बहिणीची विष्ठा मिळालेल्या उंदरांवर चरबी अधिक चढली (२०१३). पण उंदीर तो उंदीर. माणसांत वजन उतरवण्याचा उपाय त्यातून निघालेला नाही.

ठोस यश मिळाले ते क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जीवाणूच्या अतिसारात. प्रतिजैविकांनी आतड्यातली नेहमीची वस्ती उठली की हा मोकळ्या जागेत माजतो. औषधाने दबतो आणि पुन्हा उसळतो. निरोगी माणसाची विष्ठा रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा प्रयोग बेन आयझमन व सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये चार रुग्णांवर करून प्रसिद्ध केला होता. त्याची यादृच्छिक चाचणी (कोणाला कोणता उपचार ते चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवून केलेली तुलना) व्हायला मात्र २०१३ उजाडले. अॅमस्टरडॅममधल्या त्या चाचणीची कृती वाचली की उपचार किती घरगुती वळणाचा आहे ते कळते. दात्याची त्याच दिवसाची विष्ठा, ५०० मिलिलिटर निर्जंतुक सलाइन. ढवळायचे, गाळायचे, आणि रुग्णाचे आतडे धुऊन झाल्यावर नाकातून लहान आतड्यापर्यंत घातलेल्या नळीतून सावकाश सोडायचे, तेही दात्याने विष्ठा दिल्यापासून सहा तासांच्या आत. १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच खेपेला बरे झाले, आणखी दोघे दुसऱ्या खेपेला. नुसत्या व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाने १३ पैकी ४ बरे झाले. फरक इतका उघड होता की चाचणी मध्येच थांबवण्यात आली.

उपचार घरगुती वळणाचा असला तरी निर्धोक नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत दात्याकडून औषधाला न जुमानणारा ई. कोलाय हा जीवाणू आला आणि प्रतिकारशक्ती खालावलेला एक रुग्ण दगावला. त्यानंतर दात्यांच्या तपासण्या कडक झाल्या. २०२२ मध्ये विष्ठेपासून बनवलेल्या, गुदमार्गे देण्याच्या रेबायोटाला आणि २०२३ मध्ये व्हाउस्ट या कॅप्सूलला तिथे मान्यता मिळाली. व्हाउस्टमध्ये विष्ठा नसते, तीतून शुद्ध केलेले बीजाणू असतात.

प्रोबायोटिक, म्हणजे फायद्यासाठी घेतलेले जिवंत जीवाणू, कसेही घेतले तरी चांगलेच, या समजाला चाचण्यांचा आधार नाही. नेदरलँड्समध्ये तीव्र स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांना ते दिले तेव्हा १५२ पैकी २४ दगावले. प्रोबायोटिक न मिळालेल्या गटात १४४ पैकी ९ (२००८). प्रतिजैविकांनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांच्या आतड्यात मूळ वस्ती परतायला उलट उशीर लागला, असे २०१८ च्या एका लहान अभ्यासात आढळले. याच्या दुसऱ्या टोकाला ओडिशाच्या खेड्यांतली, साडेचार हजारांवर नवजात बाळांची चाचणी आहे (२०१७). तिथे एक ठरावीक लॅक्टोबॅसिलस जीवाणू आणि त्याचे खाद्य दिल्यावर जंतुदोष किंवा मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. कोणता जीवाणू, कोणाला, कोणत्या वेळी, यावर सगळे अवलंबून असते.

कर्करोगात इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कर्करोगावर सोडणारे उपचार) लागू न पडलेल्या मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या काही रुग्णांना, ती लागू पडलेल्या रुग्णांची विष्ठा दिल्यावर औषध काम करू लागले. २०२१ च्या दोन छोट्या अभ्यासांत १० पैकी ३ आणि १५ पैकी ६ जणांना फायदा झाला. तुलनेसाठी वेगळा गट दोन्हींत नव्हता.

घरी नमुना घेऊन पाठवायच्या शौचचाचण्यांचे अहवाल जीवाणूंची नावे आणि टक्के देतात. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची गोष्ट इथे पाहण्यासारखी आहे. एगर्थेला लेंटा हा जीवाणू ते आतड्यातच निकामी करतो, पण त्याच्या सगळ्याच वाणांना ते जमत नाही. त्यासाठी लागणारी जनुके काहींकडेच असतात. त्यामुळे अहवालात एगर्थेला लेंटाचे नाव आले, तरी तेवढ्यावर डॉक्टरला गोळीचा डोस ठरवता येत नाही.