घरी बसून आरोग्य शिक्षण : फॉर्म भरण्याआधी एवढं वाचून घ्या

जून-जुलै लागला की आमच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो : "घरबसल्या करता येईल असा आरोग्याचा कोर्स आहे का हो?" विचारणाऱ्यांत अंगणवाडी मदतनीस असतात, आशाताई असतात, मेडिकलमध्ये कामाला असलेली मुलं असतात, आणि पोरं शाळेत गेली की दुपार मोकळी असलेल्या कितीतरी जणी. आम्ही फॉर्म भरून देतो, झेरॉक्स-प्रिंट काढतो. विद्यापीठ आम्ही नव्हे. तरी इतके फॉर्म हाताखालून गेलेत, की कुणाची गाडी कुठे अडते ते आता पाठ झालंय.

हा कोर्स डॉक्टरकीचा नाही

आरोग्य शिक्षण म्हणजे लोकांना आरोग्याची गोष्ट पटेल अशी सांगायला शिकणं. उपचार करणं नव्हे. पदविका हातात आली म्हणून इंजेक्शन देता येत नाही, सलाईन लावता येत नाही. महाराष्ट्रात नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे.

मग त्यात शिकायचं काय? ओआरएसची लिटरभर पाण्याची पुडी घ्या. एक लिटर पाण्यात अख्खी पुडी विरघळवायची आणि ते पाणी २४ तासांच्या आत संपवायचं, हे पुडीवर छापलेलंच असतं. पण घरात लिटरचं माप कुठे असतं? आजी पेलाभर पाणी घेते, अंदाजाने अर्धी पुडी टाकते. पाणी कमी पडलं की मिठाचं प्रमाण वाढतं आणि जुलाबाने आधीच सुकलेल्या बाळाला ते बाधू शकतं. अशा वेळी "सूचना नीट वाचा" म्हणून भागत नाही. प्रवासात आपण विकत घेतो ती लिटरची बाटली स्वच्छ धुऊन समोर ठेवायची, पुडी आजीच्याच हाताने ओतून घ्यायची आणि मग म्हणायचं, "आता तुम्ही मला सांगा, कसं करायचं." आजीने बरोबर सांगितलं तर तुमचं शिकवणं झालं. पुस्तकात याला प्रात्यक्षिक, प्रतिसाद असले जड शब्द असतात. घाबरू नका, गोष्ट एवढीच आहे.

"आपल्या सोयीने" म्हणजे किती वेळ?

इथे बहुतेकांची फसगत होते. इग्नू म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. त्यांची पोषण व आरोग्य शिक्षणाची पदविका उदाहरणाला घेऊ. बारावी पास, कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त तीन वर्षं. एकूण ३२ श्रेयांक (क्रेडिट), आणि एका श्रेयांकाला ३० तासांचा अभ्यास धरलेला. म्हणजे ९६० तास. रोज न चुकता दोन तास बसलात तरी ४८० दिवस, जवळजवळ सोळा महिने. वर्षात संपवायचं तर रोज अडीच तासांहून जास्त हवेत, तेही लग्नसराई, गणपती, दिवाळी काही न धरता. म्हणून आमचा सल्ला असतो, पहिल्या दिवशीच दीड-दोन वर्षांचं गणित मांडा. तीन वर्षांची मुदत आहे ती वापरायलाच आहे, त्यात कमीपणा नाही.

वेग आपला असला तरी तारखा विद्यापीठाच्या असतात. सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये, त्याआधी स्वाध्याय जमा करायचे. निकालात साधारण ३० टक्के वजन स्वाध्यायाचं, ७० टक्के परीक्षेचं. स्वाध्याय दिले नाहीत तर परीक्षेचं सगळंच अडतं. "सोडवलेले स्वाध्याय मिळतील का?" असं रोज कुणीतरी विचारतं. आम्ही विकत नाही. एकाच मजकुराच्या दहा वह्या तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येतात, आणि गरोदर बाईचा दिवसभराचा आहार लिहा म्हटल्यावर आपल्याकडची नाचणी, शेपू, शेंगदाण्याची चटणी सोडून परमुलखातले पदार्थ उतरवून काढण्यात काय हशील?

पुस्तकं मुख्यतः इंग्रजी-हिंदीत असतात. हिंदी वाचायला जमत असेल तर अडत नाही. शब्द मराठीत समासात लिहून ठेवायची सवय लावा, लोकांशी बोलताना तेच कामाला येतात.

मान्यता : इथे घाई नको

नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी, डॉक्टरकी हे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालवायला विद्यापीठ अनुदान आयोगाची मनाई आहे. "घरबसल्या नर्स व्हा" अशी जाहिरात दिसली तर पैसे खिशातच ठेवा. शिवाय जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र, अन्न व पोषण विज्ञान, आहारशास्त्र अशा विषयांचे अभ्यासक्रमही दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन चालवायला आयोगाने बंदी घातली. त्यामुळे जुन्या माहितीपत्रकावरून किंवा मैत्रिणीच्या सांगण्यावरून आम्ही कुणाचाही फॉर्म भरत नाही, वरच्या पदविकेचासुद्धा. विद्यापीठाच्या प्रवेश पोर्टलवर चालू सत्रात अभ्यासक्रमाचं नाव दिसलं तरच पुढे जायचं.

गेल्या काही वर्षांत दोघीजणी आमच्याकडे एका खाजगी संस्थेचं चकचकीत प्रमाणपत्र घेऊन आल्या, सोनेरी शिक्का आणि "सरकारमान्य" असा ठसा असलेलं. कुठल्या सरकारची मान्यता, ते कागदावर कुठेच नव्हतं. फी मात्र भरून झाली होती.

फक्त माहितीसाठी शिकायचं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचे मोफत ऑनलाइन धडे आहेत, केंद्र सरकारचं स्वयम् पोर्टलही २०१७ पासून चालू आहे. नोकरीच्या अर्जाला जोडायचं असेल तर मात्र आधी जाहिरातीतली पात्रता आम्हाला दाखवा.

नाव जुळतंय का?

मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशाला आता डेब आयडी (दूरशिक्षण घेणाऱ्याचा ओळख क्रमांक) लागतो, आणि तो काढायला आधी एबीसी आयडी (मिळवलेले श्रेयांक जमा होतात त्या खात्याचा क्रमांक). दोन्ही आधारवर बेतलेले. बायकांचं घोडं इथेच अडतं : दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत असेल तर बरोबर आणा. नसेल तर आधी तेवढं करून घ्या, शेवटच्या तारखेला धावपळ नको.

दुसरी अडचण ओटीपीची. आधारला नवऱ्याचा मोबाइल जोडलेला आणि नवरा ड्युटीवर. फोनवर ओटीपी विचारून घेईपर्यंत त्याची वेळ संपते. जमलं तर स्वतःचा नंबर आधारला जोडून घ्या, नाहीतर तो फोन घरात असेल त्या दिवशी या.

विद्यापीठाची फी तुम्ही स्वतःच्या खात्यातून थेट भरायची; ती आम्ही रोख घेत नाही. आमची मजुरी फक्त फॉर्म भरण्याची आणि प्रिंटची, तिचा तक्ता काउंटरच्या मागे लावलेला आहे. युजरनेम-पासवर्ड आम्ही तुमच्या वहीत तुमच्याच हाताने लिहून घेतो, आमच्याकडे ठेवत नाही.

येताना मूळ गुणपत्रिका, आधार, फोटो आणि चार्ज केलेला फोन आणा. बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. बाकी दिवशी दुपारी दोननंतर निवांत बसून फॉर्म भरता येतो.