पोकळा आणि दारू : पोषणमूल्यांची तुलना

पोकळा ही माठाच्या कुळातली पालेभाजी. कोल्हापुरात कपिलतीर्थ मंडईत ती पेंडीने विकली जाते. लसूण-मिरचीच्या फोडणीत परतून शाळूच्या भाकरीबरोबर खातात. दारूशी तिची तुलना करावी लागते ती एका समजामुळे : बिअर बार्लीची, वाइन द्राक्षांची, देशी उसाची, सगळे शेतातलेच, मग अंगी लागणारच. पण पीक कोणते यापेक्षा त्यातले पेल्यात किती उतरते, हे पाहायला हवे.

कोल्हापूरकराला हे उसावरून लगेच कळेल. गुऱ्हाळात काहिलीतला रस आटतो तेव्हा पाणी उडून जाते आणि पोटॅशियम, थोडे लोह गुळात राहते. साखर कारखान्यात हीच खनिजे मळीत उरतात. मळी आंबवली की यीस्ट तिच्यातल्या साखरेचे अल्कोहोल करते. पुढे ऊर्ध्वपातनात वाफ होऊन वर जाते ते अल्कोहोल आणि काही पाणी. खनिजे भांड्याच्या तळाशी राहून सांडपाण्याबरोबर जातात. त्यामुळे गाळलेल्या दारूत प्रथिने, तंतू, जीवनसत्त्वे, लोह जवळपास शून्य. उष्मांक मात्र भरपूर, कारण 1 ग्रॅम अल्कोहोल 7 किलोकॅलरी देते. 42.8 टक्के तीव्रतेच्या 60 मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे 140 किलोकॅलरी होतात.

बिअरचे ऊर्ध्वपातन होत नसल्याने तिच्यात थोडे ब-जीवनसत्त्व आणि 100 मिलिलिटरमागे अर्धा ग्रॅम प्रथिन सापडते. 650 मिलिलिटरच्या साध्या बाटलीत सुमारे 280 किलोकॅलरी असतात. तेवढ्या उष्मांकासाठी कच्चा पोकळा सव्वा किलोच्या आसपास लागेल, आणि एवढा एका बैठकीत कोणी खात नाही. 100 ग्रॅम माठाच्या पानांत साधारण 23 किलोकॅलरी, अडीच ग्रॅम प्रथिने, 215 मिलिग्रॅम कॅल्शियम, 2.3 मिलिग्रॅम लोह आणि 43 मिलिग्रॅम क-जीवनसत्त्व असते. तेवढ्याच बिअरमध्ये कॅल्शियम 4 मिलिग्रॅम, क-जीवनसत्त्व नाही.

पोकळ्याची बाजूही पूर्ण सांगायला हवी. या पानांत कॅल्शियमला बांधून ठेवणारे ऑक्झलेट बरेच असल्याने सगळे कॅल्शियम अंगी लागत नाही; ज्यांना मूतखडा होतो त्यांनी डॉक्टरांना विचारावे. पानातले लोह मांसातल्या लोहाइतके सहज शोषले जात नाही, म्हणून वरून लिंबू पिळणे उपयोगाचे. पानांतले कॅरोटिन, ज्याचे शरीर अ-जीवनसत्त्व करते, ते शोषायला स्निग्ध पदार्थ लागतो, तेव्हा फोडणीचे तेल वाया जात नाही. चिरून मग धुतल्यास मात्र क-जीवनसत्त्व पाण्याबरोबर जाते. आधी धुवावे, मग चिरावे.

पोकळा आणि दारू यांची खरी गाठ पडते ती फोलेट या ब-गटातल्या जीवनसत्त्वावर. हे नावच पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले. 1941 साली ते पालकाच्या पानांतून वेगळे केले गेले. माठाच्या 100 ग्रॅम पानांत ते सुमारे 85 मायक्रोग्रॅम असते. नियमित मद्यपान आतड्यातले त्याचे शोषण घटवते, यकृतातला साठा कमी करते आणि ते लघवीवाटे जास्त बाहेर टाकते. ब-1 म्हणजे थायमिनचेही तसेच. त्याच्या तीव्र कमतरतेने मेंदूला होणारा विकार कार्ल वेर्निके यांनी 1881 मध्ये नोंदवला, आणि तो आजही मुख्यतः दीर्घकाळ पिणाऱ्यांत आढळतो. रात्री दारू पिऊन न जेवता झोपणाऱ्याला उष्मांक मिळालेले असतात, पण पोकळ्याची वाटी ताटातच राहिलेली असते, आणि आधी खाल्लेल्या पानांतले फोलेटही त्याच्या अंगात पुरते टिकत नाही.