जांभा खडक (बेळगाव–खानापूर परिसर)

उष्ण व पावसाळी हवेत मूळ खडक कुजून मागे राहिलेला, लोह व अॅल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी समृद्ध असा तांबडा, सच्छिद्र खडक. जांभळट छटेवरून हे नाव आले असावे. ब्रिटिश सर्वेक्षक फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये मलबारातील अशाच दगडाला ‘लॅटेराइट’ म्हटले (लॅटिन ‘लेटर’ म्हणजे वीट).

बेळगावच्या पश्चिमेकडील पठारी माथ्यांवर जांभ्याखाली बहुधा दक्षिण ट्रॅपचा (दख्खनमध्ये थरावर थर साचलेल्या लाव्ह्यांचा) बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, असतो. त्या लाव्ह्यांचे वय सु. ६.६ कोटी वर्षे. खानापूर भागात जांभा धारवाडी रूपांतरित (उष्णता व दाबाने बदललेल्या, अतिप्राचीन) खडकांवरही आढळतो. म्हणजे जांभा होण्यास बेसाल्टच हवा असे नाही.

उत्पत्तीविषयी मतभेद जुने आहेत. पावसाचे पाणी मुरताना सिलिका, चुना, मॅग्नेशिया, पोटॅश वाहून जातात आणि लोह–अॅल्युमिनियम जागीच उरतात, हे मत सर्वाधिक मान्य आहे. चिरेखाणीच्या उभ्या कापात वर कठीण कवच, खाली ठिपकेदार मऊ थर, त्याखाली पांढरट चिकणमाती व शेवटी कुजका बेसाल्ट असा क्रम दिसतो. थरांची सीमा रेघ मारल्यासारखी नसून एक थर हळूहळू दुसऱ्यात मिसळतो, ही या मताची भक्कम बाजू. उलट, भूवैज्ञानिक ऑलियर व शेठ यांनी २००८ मध्ये असे मांडले की दख्खनच्या माथ्यांवरील कवचे मुळात प्राचीन नदीखोऱ्यांच्या तळाशी भूजलातील लोहाने बांधली गेली. आजूबाजूची मऊ जमीन झिजली आणि तळ माथा बनला. लांबट, वळणदार माथ्यांना हे स्पष्टीकरण चांगले लागू पडते. पण वरील क्रम जेथे अखंड मिळतो तेथे जागच्या जागी कुजण्याचे मतच अधिक पटते. उंचावरील जांभ्याचा काळ साधारणपणे तृतीय कल्पाच्या (सु. ६.६ कोटी ते २६ लाख वर्षांपूर्वीच्या काळाच्या) पूर्वार्धात धरला जातो.

ताज्या चिऱ्याच्या भोकांत पिवळसर माती भरलेली असते, हात लावला की हात लाल होतो. त्या वेळी चिरा कुऱ्हाडीने तासता येतो. हवेत वाळताना लोहाच्या ऑक्साइडांचे स्फटिकीकरण होऊन तो घट्ट होतो व पुन्हा भिजवला तरी मऊ होत नाही.

लोहही निघून गेलेल्या ठिकाणी बॉक्साइट (अॅल्युमिनियमचे धातुक) उरते. बेळगाव व लगतच्या कोल्हापूर जिल्ह्यांतील पठारांवर त्याचे साठे आहेत आणि बेळगावचा अॅल्युमिना (अॅल्युमिनियम ऑक्साइड) कारखाना त्यांच्यावरच उभा राहिला.