कंपवातातील चालदोषांचे मापन : परिधेय संवेदक (ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात)

कंपवाताच्या (पार्किन्सन रोग) रुग्णाच्या घोट्याला, कमरेला किंवा मनगटाला लहान उपकरणे बांधून त्याच्या चालण्यातील बिघाड रोजच्या व्यवहारात नोंदवण्याची पद्धत. या उपकरणांना परिधेय संवेदक म्हणतात; त्यांत त्वरणमापी (वेगातील बदल मोजणारा) व जायरोस्कोप (वळण्याचा वेग मोजणारा) असतात.

संज्ञा : कंपवात म्हणजेच पार्किन्सन रोग का, याविषयी मतभेद आहेत. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात (बहुधा सातवे-आठवे शतक) कंपवाताशी जोडला जाणारा वेपथू म्हणजे सर्वांगाचा व डोक्याचा कंप अशी व्याख्या येते. तीत चालण्याचा उल्लेख नाही. आयुर्वेदाचे काही अभ्यासक तरीही दोन्ही एकच मानतात व खाजकुयलीच्या बियांकडे बोट दाखवतात. या बियांतून लेव्होडोपा (पार्किन्सन रोगावरचे आजचे प्रमुख औषध) १९३७ मध्ये दामोदरन व रामस्वामी यांनी वेगळे केले, हे खरे. पण औषधी जुनी म्हणून निदानही जुने ठरत नाही. जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याने १८१७ च्या निबंधात सहा रुग्णांच्या आधारे पुढे झुकलेले धड आणि चालता चालता धावू लागणारी पावले वर्णिली. त्यांतले काही रुग्ण त्याने रस्त्यातच पाहिले होते. चालदोषाच्या अभ्यासाचा आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक. नावातल्या कंपामुळे नजर हातावरच खिळते. प्रत्यक्षात काही रुग्णांना कंप नसतोच. गावात अशी चाल म्हातारपणाच्या खाती जाते, किंवा ‘अंगावरून वारं गेलं’ असे समजले जाते.

पाऊल खिळणे : मापनास सर्वांत अवघड लक्षण हेच. उंबरठ्यापाशी किंवा वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. त्या वेळी पायात बारीक थरथर असते. मूर व सहकारी या संशोधकांनी २००८ मध्ये तिच्यावर निर्देशांक बेतला : ३ ते ८ हर्ट्‌झ (सेकंदाला ३ ते ८ कंपने) पट्ट्यातील ऊर्जेला ०.५ ते ३ हर्ट्‌झ पट्ट्यातील, म्हणजे नेहमीच्या चालीच्या, ऊर्जेने भागायचे. अकरा रुग्णांत सर्वांना एकच सीमा (निर्देशांक जिच्या वर गेला की पाऊल खिळले असे धरायचे) लावली तेव्हा सुमारे ७८ टक्के प्रसंग ओळखले गेले. रुग्णागणिक सीमा ठरवल्यावर ८९ टक्के. थरथर न होता पाय नुसतेच थिजले, तर हा निर्देशांक फसतो. मनगटावरचे यंत्र कंप व मंदगती चांगली टिपते, पावलांच्या बाबतीत ते कमी भरवशाचे.

पावलाची लांबी काढताना त्वरणाचे दोनदा संकलन (क्षणाक्षणाच्या मूल्यांची गणिती बेरीज) करतात आणि चूक साठत जाते. म्हणून तळवा टेकलेल्या क्षणी वेग शून्य धरून हिशेब पुन्हा सुरू करतात. सपाट फरशीवर हे जमते. पावसाळ्यातल्या पांदणीत किंवा वावरात, चपलेला काळी माती लगडलेली असताना, टेकलेला पाय घसरतो आणि शून्य धरलेला वेग शून्य नसतो. धुऱ्यावरून चालणारा निरोगी माणूसही आखूड, जपून पावले टाकतो. सबब अशा नोंदीत रोग किती व जमीन किती, हे वेगळे काढावे लागते. त्याच व्यक्तीच्या आधीच्या नोंदीशी केलेली तुलना शहरी सरासरीपेक्षा विश्वसनीय.

विदर्भातील उपयोग : सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, तरी सिरोंचा, भामरागड किंवा मेळघाटातून मज्जाविकारतज्ज्ञापर्यंत पोचणे दिवसभराचे काम. तपासणीच्या खोलीत रुग्ण बऱ्याचदा नेटाने चालून दाखवतो. घरच्या उंबरठ्यावरचा अडखळा डॉक्टरांना दिसत नाही. संवेदकाचा खरा फायदा येथे आहे. मोबाइल नेटवर्क नसल्यास नोंद यंत्रातच साठवून पुढच्या भेटीत उतरवता येते. लेव्होडोपाची गोळी कधी घेतली ती वेळ घरच्यांनी लिहून ठेवलेली हवी. ती नसेल तर गोळीचा असर ओसरल्यामुळे पाऊल अडले की अन्य कारणाने, हे आलेखावरून सांगता येत नाही.