कुठे उतरणार?

सकाळी ठाण्याहून सीएसएमटीकडे निघालेल्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात चढलेली बाई आधी काय करते? बसलेल्या एकीकडे वाकून विचारते, ‘कुठे उतरणार?’ ‘घाटकोपर.’ ‘मग तुमच्यानंतर मी हं.’ एवढ्या बोलण्यावर त्या सीटचा पुढचा हक्क ठरतो. घाटकोपर आल्यावर भलतीच कुणी पटकन टेकली, तर आजूबाजूच्या दोघी-तिघी लगेच बोलतात, ‘अहो ताई, त्यांनी आधी विचारलंय.’ आणि ती बहुतेक वेळा उठते. रेल्वेच्या कुठल्याही नियमात हे लिहिलेलं नाही, टीसीला त्याच्याशी देणंघेणं नाही. तरीही हा नियम रोज पाळला जातो. जन्मात लोकल न पाहिलेली, नोकरीसाठी ठाण्यात नुकतीच आलेली मुलगीसुद्धा थोड्याच दिवसांत तितक्याच सहजपणे ‘कुठे उतरणार?’ विचारू लागते.

तिला हे कुणी शिकवलं? बसवून, समजावून तर कुणीच नाही. तिने इतरांचं पाहिलं, एकदोनदा टोकलं गेल्यावर ती शिकली. माणूस ज्या वाटेने एखाद्या समाजाच्या रीतीभाती आपल्याशा करतो, त्या वाटचालीला समाजशास्त्रात सामाजिकीकरण म्हणतात.

या रीतींचं वजन मात्र सारखं नसतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहॅम समनर यांनी 1906 साली लोकरीती आणि लोकनीती असा फरक केला. सीट न विचारता बसणं म्हणजे लोकरीत मोडणं. त्याची शिक्षा एखादी तिरकी नजर, फार तर एखादा टोमणा. पण त्याच डब्यात दिवस भरत आलेली बाई उभी आहे आणि समोरची धडधाकट मुलगी सीट सोडत नाही, असं झालं तर अख्खा डबा तिच्यावर धावून जातो. इथे गैरसोयीचा नाही, बरोबर-चुकीचा प्रश्न असतो. ती लोकनीती.

आपण संस्कृती म्हटलं की पाडव्याच्या सकाळी ठाण्यातल्या कौपिनेश्वर मंदिराची स्वागतयात्रा, नऊवारीतल्या मुली, लेझीम आणि ढोल-ताशे आठवतो. ती संस्कृती आहेच. पण ठाणे स्टेशनबाहेर शेअर रिक्षासाठी लागणारी रांग, डाव्या हाताने ताट पुढे करायला नको वाटणं, वडीलधाऱ्यांना ‘अहो’ म्हणणं, हेही तितकंच संस्कृतीत येतं. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी 1871 मध्ये केलेली व्याख्या आजही अभ्यासाची सुरुवात म्हणून दिली जाते: ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजाचा घटक म्हणून माणसाने मिळवलेल्या इतर सगळ्या क्षमता व सवयी, या साऱ्यांचा गुंतलेला समग्र पट म्हणजे संस्कृती. त्यातला ‘मिळवलेल्या’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. ‘आमच्या रक्तातच आहे ते’ असं आपण अभिमानाने म्हणतो. रक्तात ते नसतं.

याचा सगळ्यात वेदनादायक पुरावा 1938 सालचा आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात ॲना नावाने नोंदली गेलेली सुमारे सहा वर्षांची मुलगी सापडली. अनौरस म्हणून तिला एका खोलीत कोंडून, जेमतेम दुधावर जगवलेलं होतं. तिला चालता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, ती कशालाच प्रतिसाद देत नव्हती. पुढे ती चालायला, स्वतःला स्वच्छ ठेवायला, थोडं बोलायला शिकली. पण 1942 मध्ये काविळीने गेली. त्याच सुमारास ओहायोत इझाबेल नावाची तशीच एक मुलगी सापडली. तीही कोंडलेली होती, पण एकटी नव्हती. तिची मूकबधिर आई तिच्याबरोबर होती आणि दोघी खाणाखुणांनी बोलत. तज्ज्ञांनी कसून शिकवल्यावर इझाबेल दोनेक वर्षांत वयाच्या इतर मुलांच्या बरोबरीला आली. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ किंग्सली डेव्हिस यांनी या दोघींचा अभ्यास केला. दोघींच्या जन्मजात क्षमता सारख्या होत्या का, हे सांगता येत नाही, त्यामुळे तुलना जपूनच करायला हवी. तरी माणसाचं मूल माणसांच्या सहवासावाचून माणसासारखं वाढत नाही, एवढं त्यातून दिसतंच.

सहवासातून नेमकं काय घडतं, हे पाहायचं तर संध्याकाळी घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीच्या आवारात थांबावं. तीन-चार वर्षांचं पोर एका कोपऱ्यात एकटंच ‘डॉक्टर-डॉक्टर’ खेळत असतं. एका वेळी एकच भूमिका. पलीकडे दहा-अकरा वर्षांची मुलं क्रिकेट खेळतात. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीला बॉल लागला की आउट, एक टप्पा एका हाताने झेलला की आउट, बॅट ज्याची त्याची पहिली बॅटिंग नाही! इथे बॉलिंग करणाऱ्याला बॅट्समन, कीपर, फील्डर आणि खिडकीतल्या काकू, सगळ्यांच्या अपेक्षा एकाच वेळी डोक्यात ठेवाव्या लागतात. अमेरिकन विचारवंत जॉर्ज हर्बर्ट मीड यांनी हाच फरक बेसबॉलच्या उदाहरणाने मांडला होता. सगळ्यांच्या मिळून असलेल्या या अपेक्षांना त्यांनी ‘सामान्यीकृत इतर’ म्हटलं. त्या मनात मुरल्या, की कुणी पाहत नसतानाही मूल ‘मी आउट आहे’ म्हणून बॅट खाली ठेवतं.

घर, शाळा, मित्र, मोबाइल, नोकरी, सगळे आपापलं शिकवतात, आणि ते एकमेकांशी जुळतंच असं नाही. नवी मुंबईतल्या गावठाणांत हे ठळक दिसतं. मार्च 1970 मध्ये सिडको हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ स्थापन झालं, 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. भाताची खाचरं आणि मिठागरं जाऊन तिथे सेक्टर आले. त्या गावांतलं आगरी-कोळी पोर घरात एका बोलीत वाढतं, शाळेत दुसरी उचलतं, आणि दारातून आत-बाहेर करताना नकळत बोली बदलतं. हे कौशल्य मोठं आहे. त्याच पोराच्या घरची हळद आणि मोठमोठ्याने बोलणं पाहून टॉवरमधले काही जण ‘यांना संस्कृतीच नाही’ म्हणतात, तेव्हा मला राग येतो. आपल्या रीतींच्या मापाने दुसऱ्याला मोजण्याच्या या खोडीला स्वसमूहकेंद्रितता म्हणतात. संस्कृती नसलेला समाज नसतोच.

आगरी लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी, गाते. लग्नाच्या प्रत्येक विधीला वेगळा धवला, आणि ते तिच्याकडे वयस्क बायकांजवळ बसून, ऐकून आलेले असतात. आज हळदीला डीजे मोठा असतो आणि मुली त्याच्यापुढे नाचत असतात. त्यांचंही सामाजिकीकरण चालूच असतं, फक्त शिकवणारे बदललेले असतात. धवल्याचे शब्द कुणी मोबाइलवर रेकॉर्ड केले तर टिकतील. पण हळद लावताना कुठला, नवरी निघताना कुठला आणि मध्ये किती थांबायचं, हे शिकायला धवलारणीच्या शेजारीच बसावं लागतं.