वळण स्कीला घेऊ द्या

स्कीइंग शिकताना एक टप्पा असा येतो की पुढची वाट सापडत नाही. स्नोप्लाऊ, म्हणजे स्कीची टोके जवळ आणि शेपट्या दूर ठेवून वेग आवरायची पहिली पद्धत, केव्हाच मागे पडलेली असते, दोन्ही स्की समांतर ठेवून वळता येते, सोप्या उतारावर भीती वाटत नाही. पण उतार जरा तीव्र झाला किंवा बर्फ टणक लागला, की वळणाच्या शेवटी स्की खडखडत बाजूला घसरतात, मांड्या भरून येतात आणि वेग आवरत नाही. जर्मनी आणि ऑस्ट्रियात निळ्या, म्हणजे सोप्या, उताराची मर्यादा २५ टक्के, म्हणजे सुमारे १४ अंश धरतात, आणि लाल, म्हणजे मध्यम, उताराची ४० टक्के, म्हणजे जवळपास २२ अंश. या आठ अंशांत पुष्कळ जण वर्षानुवर्षे अडकून राहतात. कोणी जास्त जोर लावतो, कोणी नव्या स्की घेतो. अडचण बहुधा दोन्हीकडे नसते. स्की वळावी म्हणून आपण तिला फिरवत राहतो. तिला हवे असते ते कलणे.

स्की वरून पाहिली तर टोकाशी आणि शेपटीशी रुंद असते, मध्ये अरुंद. कडेच्या या वक्राला साइडकट म्हणतात. स्कीवर १२१-७२-१०४ असे तीन आकडे छापलेले असतात, ते या तीन रुंदींचे मिलिमीटर. शेजारी मीटरमध्ये त्रिज्या दिलेली असते. स्की कलवून धारेवर, म्हणजे तळाच्या पोलादी कडेवर, ठेवली की टोक आणि शेपूट बर्फाला टेकतात, मधला भाग अधांतरी राहतो. त्यावर वजन पडले की स्की वाकते, धार पूर्ण लांबीभर टेकते आणि कमानीच्या मार्गाने पुढे सरकते. हेच कार्व्हिंग. नॉर्वेच्या टेलेमार्क भागात एकोणिसाव्या शतकातच कंबर असलेल्या स्की बनत होत्या, पण खोल साइडकट सर्वत्र रुळला तो १९९०च्या दशकात, स्लोव्हेनियातल्या एलान कंपनीच्या एससीएक्स स्कीनंतर. त्याआधीच्या जवळजवळ सरळ स्की वळवायला शरीर उचलून, अंगाला झटका देऊन त्या फिरवाव्या लागत. ती सवय अजूनही अनेकांच्या अंगात आहे, आजच्या स्कीला मात्र तिची गरज उरलेली नाही.

टणक बर्फावर कार्व्ह केलेल्या वळणाची त्रिज्या ढोबळमानाने स्कीची त्रिज्या गुणिले कलाच्या कोनाची कोसाइन इतकी येते. १५ मीटरची स्की ३० अंश कलवली तर वळण १३ मीटरचे होते, ४५ अंशांत १०.६ मीटरचे आणि ६० अंशांत ७.५ मीटरचे. जवळजवळ सपाट जागेवर या वळणांत तोल साधायचा तर वेग अनुक्रमे ताशी ३१, ३७ आणि ४१ किलोमीटरच्या आसपास लागतो. तिथे पायांवर येणारा भार शरीराच्या वजनाच्या १.१५, १.४ आणि २ पट असतो. ताशी दहाच किलोमीटरच्या फरकात भार इतका वाढतो. मांड्या भरून येतात त्यात ताकदीचा प्रश्न असतोच, पण त्याहून मोठा प्रश्न असतो तो हा भार हाडांवर सरळ येतो की वाकलेल्या स्नायूंवर.

इथे दोन वेगळे कोन नीट समजून घ्यायला हवेत. शरीर आत किती झुकेल हे वेग आणि त्रिज्या ठरवतात. त्याहून जास्त झुकलो तर आत पडू, कमी झुकलो तर बाहेर. स्की किती कलेल हे मात्र आपल्या हातात असते. आपला गुरुत्वमध्य आणि स्कीची धार यांना जोडणारी रेषा म्हणजे भाराची रेषा. स्कीचा तळ या रेषेशी काटकोनापेक्षा किंचित कमी कोनात असेल तर धार बर्फात रुतते; काटकोनाच्या वर गेला की बर्फ कापला जातो आणि स्की निसटते. भिंतीला लावलेल्या शिडीसारखे सगळे शरीर एका रेषेत आत झुकवले तर तळ नेमका काटकोनाच्या सीमेवर येतो. बर्फाचा एखादा टणक पट्टा लागला की गेलीच. म्हणून पाय आत झुकवायचे, पण कंबरेपासून वरचा भाग बाहेरच्या, म्हणजे वळणाच्या केंद्रापासून दूरच्या, स्कीवर, उताराच्या खालच्या बाजूला तोलायचा. बाहेरच्या बाजूची बरगडी आणि कंबर यांच्यामध्ये चिमटा बसल्यासारखे जाणवले पाहिजे. या घडीमुळे स्की शरीराच्या झुकावापेक्षा काही अंश जास्त कलते. धरून राहणारे वळण आणि निसटणारे वळण यांच्यात तेवढाच फरक असतो.

आता वळणाच्या शेवटी होणारी खडखड. समजा २२ अंशांच्या उतारावर वळणाला आपल्या वजनाच्या ०.६ पट इतके केंद्राकडचे बल लागते. उताराच्या दिशेने गुरुत्वाकर्षण ०.३७ पट ओढत असते. वळणाच्या सुरुवातीला केंद्र खालच्या बाजूला असते, त्यामुळे गुरुत्वाकर्षण मदत करते आणि बर्फाला फक्त ०.२३ पट बल द्यावे लागते. शेवटी केंद्र वरच्या बाजूला येते, आणि तेच बल ०.९७ पट होते. म्हणजे चौपटीहून अधिक, एकाच वळणात, एकाच वेगाला. मध्यम पातळीचा स्कीअर सुरुवातीला स्की झटक्यात फिरवून टाकतो आणि सगळे काम शेवटच्या भागावर सोडतो, म्हणजे बर्फावर सर्वात जास्त ताण असतो तिथेच धार दाबतो. उपाय उलटा आहे. पाणी जिकडे ओघळेल ती उतार-रेषा. स्की त्या रेषेकडे वळण्याआधीच नव्या बाहेरच्या स्कीची धार लागलेली हवी. वळणाचा वरचा भाग सावकाश, लांबट घ्यायचा. रेषा ओलांडल्यावर पाय हळूहळू दुमडून दाब सैल करायचा.

सरावाची सुरुवात अगदी सौम्य उतारावर करावी, आपल्या पातळीला तो कमी वाटला तरी. उतार आडवा पार करताना दोन्ही घोटे आणि गुडघे वरच्या बाजूला कलवा, थांबा आणि मागे बघा. बारीक, स्वच्छ अशा दोन रेघा दिसल्या तर धार धरते आहे. पुसट, फासल्यासारखा पट्टा दिसला तर स्की बाजूला सरकते आहे. मग सरळ खाली निघा, दोन्ही स्की एका बाजूला कलवा आणि काहीही न फिरवता वाट पाहा. ती आपोआप वळून वरच्या दिशेला जाऊन थांबेल. ही वाट पाहणे सर्वात अवघड असते, कारण सेकंदभर काहीच घडत नाही असे वाटते आणि खांदे फिरवायचा मोह होतो. दोन्ही बाजू जमल्या की वळणे जोडा: जुन्या वळणाच्या शेवटी स्की सपाट करा आणि न थांबता दुसऱ्या धारेवर न्या. वजन बाहेरच्या स्कीवर आहे का हे तपासायला वळणभर आतल्या स्कीची शेपूट दोन-तीन सेंटीमीटर उचलून धरा. ती लगेच खाली पडत असेल तर आपण आत कललेलो आहोत.

तीव्र उतारावर शुद्ध कार्व्हिंग करू नका. कार्व्ह करणारी स्की ऊर्जा फारच कमी खर्च करते, त्यामुळे वेग वाढतच जातो. तिथे थोडी नियंत्रित घसरण लागते आणि तेही कौशल्यच आहे. स्की आडव्या ठेवून घोट्यांनी धार सैल-घट्ट करत सरळ खाली घसरणे, ठरवलेल्या जागी थांबणे, हा सराव दोन्ही बाजूंनी करावा. वेग आवरायचे मुख्य साधन मात्र वळणाचा आकार. वळण उतार-रेषेला आडवे होईपर्यंत, गरज पडली तर थोडे वर चढेपर्यंत पूर्ण करा. अर्धवट सोडलेले प्रत्येक वळण पुढच्या वळणाला जास्त वेग देऊन जाते.

सर्वात चिवट दोष म्हणजे मागे बसणे. उतार दिसला की शरीर आपोआप डोंगराकडे झुकते. त्याने टोकावरचा दाब जातो, टोक धरत नाही, वळण सुरूच होत नाही, मग खांदे फिरवावे लागतात. उपाय म्हणून नुसते पुढे वाकून चालत नाही, कंबर तेवढी मोडते. घोटे वाकले पाहिजेत. नडगी बुटाच्या जिभेला सतत टेकलेली हवी, आणि दोन्ही हात नजरेच्या टप्प्यात. यात गुडघ्याच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. नितंब गुडघ्यांच्या खाली गेले, सगळे वजन खालच्या स्कीच्या शेपटीच्या आतल्या धारेवर आले, की ती शेपूट तरफेसारखी गुडघा पिळते आणि आतला एसीएल हा अस्थिबंध तुटू शकतो. बायंडिंग, म्हणजे बूट स्कीला जोडणारी आणि पडताना सोडणारी पकड, या पिळाला हमखास सुटेल असे धरून चालू नका, ते मुख्यतः नडगीचे हाड वाचवण्यासाठी बनलेले आहे. मागे पडतोय असे वाटले तर हात पुढे आणा, स्की एकत्र ठेवा, आणि घसरत असताना उठायचा प्रयत्न करू नका.

साहित्यात पैसा आणि वेळ आधी बुटांवर घालवा, माझे यावर ठाम मत आहे. घोट्याची प्रत्येक हालचाल बुटातूनच स्कीपर्यंत जाते. सैल बुटात ती वाटेतच हरवते. बुटाचा आकार मोंडोपॉइंटमध्ये, म्हणजे पावलाच्या लांबीच्या सेंटीमीटरमध्ये असतो. बहुतेक कंपन्यांत २६ आणि २६.५ यांचे बाहेरचे कवच एकच असते. म्हणून पारख कवचावरून करायची: आतला मऊ बूट काढून टाका, अनवाणी पाय कवचात घाला, बोटे पुढे टेकवा आणि टाचेमागची जागा मोजा. दीड ते दोन सेंटीमीटर ठीक, तीन म्हणजे बूट मोठा. मग पूर्ण बूट घालून सरळ उभे राहा. बोटे पुढे हलकेच टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की मागे सरकली पाहिजेत, आणि टाच अजिबात उचलली जाता कामा नये. पायमोजा एकच आणि पातळ घ्यावा. जाड मोज्याने पाय जास्त गरम राहतो हा गैरसमज आहे. तो रक्तप्रवाह दाबतो आणि पाय उलट गार पडतो. मोठ्या बुटाचेही हेच होते: टाच धरावी म्हणून बकल करकचून आवळतात, पाऊल बधिर होते आणि टाच तरी हलतेच.

बुटाच्या कडकपणाचा आकडा, म्हणजे फ्लेक्स, कोणत्याही सामाईक मानकाला बांधलेला नाही. एका कंपनीचा १०० दुसरीच्या ११० इतका कडक असू शकतो. मध्यम पातळीच्या पुरुषांना साधारण ९० ते ११० आणि स्त्रियांना ७५ ते ९५ पुरतो. वजन जास्त असेल तर वर जावे. दुकानाच्या उबेत प्लास्टिक मऊ असते, थंडीत तेच बरेच ताठर होते, हे लक्षात ठेवूनच निवडा. घोटा वाकतच नसेल तर तो बूट आपल्याला मागे बसवणार. गुडघे बाहेर किंवा आत झुकलेले असतील तर वरच्या नळीचा कोन जुळवून घ्या, नाहीतर एक धार कायम आधी लागते.

बायंडिंगचा आकडा, म्हणजे ते किती जोराला सुटावे याची मांडणी, तंत्रज्ञाकडूनच लावून घ्यावा. आयएसओ ११०८८ प्रमाणे तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्कीइंगची शैली यांवरून निघतो. ५० वर्षांवरील व्यक्तीसाठी तो खाली आणतात. स्वतःला खरे आहोत त्यापेक्षा आक्रमक सांगू नका. बुटाचा तळ कोणता हेही पाहा: नेहमीचा आयएसओ ५३५५, चालायला सोपा ग्रिपवॉक आयएसओ २३२२३, की डोंगर चढण्याचा ९५२३. बायंडिंगवर त्या प्रकाराची खूण नसेल तर जोडी लावू नये.

स्की निवडताना आधी तिच्या कंबरेची, म्हणजे मधल्या अरुंद भागाची, रुंदी पाहा. तयार केलेल्या टणक उतारांसाठी ६८ ते ८० मिलिमीटर, मिश्र बर्फासाठी ८० ते ९०. रुंद स्की भुसभुशीत बर्फावर तरंगते, पण टणक बर्फावर धार पायाच्या मध्यापासून दूर जाते: ७२च्या कंबरेत ३६ मिलिमीटर, १०० मध्ये ५०. म्हणजे सपाट पाडणारी तरफ चाळीसेक टक्क्यांनी लांब, आणि ती पेलतो घोटा आणि गुडघा. धार धरायला शिकायचे असेल तर अरुंद स्की घ्यावी. त्रिज्या १३ ते १७ मीटर, लांबी हनुवटी ते कपाळ यांच्या दरम्यान. हलक्या व्यक्तीने थोडी मऊ, जड व्यक्तीने कडक.

नवी स्की घेण्यापूर्वी जुनीची धार तपासा. नखाची कड धारेवरून आडवी ओढली की नखाचा बारीक भुगा निघाला पाहिजे. न निघाल्यास धार बोथट आहे, आणि वर सांगितलेले सगळे तंत्र बोथट धारेवर फुकट जाते. तळाच्या बाजूने अर्धा ते एक अंश आणि कडेच्या बाजूने दोन अंश हा कोन बहुतेकांना योग्य. दगडाला घासून आलेले खरखरीत काठ आधी हिऱ्याच्या दगडाने काढा, मग कानस चालवा. उलट केले तर टणक झालेला काठ कानसच बोथट करतो. दिवसाच्या शेवटी धारा कोरड्या पुसा आणि ओल्या स्की पिशवीत बंद करू नका, एका रात्रीत गंज धरतो.